रैनेदो चाचा आणि माझं पत्रक

गाडी दुरुस्त करू नका, असं सांगणारा मेकॅनिक मी आयुष्यात एकच पाहिला. रोशनगेटच्या पुढे एका बोळात पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. गिऱ्हाईक यायचं, सात तक्रारी सांगायचं. चाचा सातही ऐकून घ्यायचे, बॉनेट उघडायचे, गाडीखाली सरकायचे, एक चक्कर मारून यायचे आणि मग हाताचं काळं फडक्याला पुसत निकाल द्यायचे. दोन कामं आज करू. दोन पुढच्या खेपेला. उरलेल्या तिन्हींसाठी त्यांच्याकडे एकच शब्द होता, "रैने दो." तो इतक्या लोकांनी इतक्यांदा ऐकला होता की त्यांचं नावच रैनेदो चाचा पडलं. खरं नाव बोळातल्या पोस्टमनला तेवढं ठाऊक असावं.

मी त्यांच्याकडे गेले ती भांडायच्या तयारीनं. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील कारखान्यात होते आणि युनियनचं लिखाणकाम त्यांच्याकडे असायचं. आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं पुष्कळ उशिरा आली, त्याआधी खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे होते. "कामगार बंधूंनो" या अक्षरांवरून बोट फिरवत मी वाचायला शिकले. जगात दोनच बाजू असतात, लुटणाऱ्यांची आणि लुटल्या जाणाऱ्यांची, हे मला बाराखडीबरोबरच समजलं होतं. गॅरेजवाले कुठल्या बाजूला, याबद्दल मला शंका नव्हती.

त्याला कारणही होतं. शेंद्र्याच्या एका कंपनीत नोकरी लागल्यावर मी एक अकरा वर्षं जुनी छोटी गाडी घेतली होती. बाबांचे गुडघे गेले होते, दवाखान्यात न्यायचं तर दोन रिक्षा बदलाव्या लागायच्या. गाडी विकणारा म्हणाला होता, डॉक्टरांची गाडी आहे, लई कमी चाललेली. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांच्या गाडीची तब्येत उघडी पडली. क्लच दाबताना पाय भरून यायचा आणि चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पुढं सरकायची नाही. डाव्या चाकाकडून खडखड यायची. एसीतून गरम वारा यायचा. सिग्नलला थांबलं की तापमानाचा काटा वर चढायचा. गारखेड्यात आमच्या घराजवळ काचेची दारं असलेलं एक वर्कशॉप होतं. तिथल्या टाय लावलेल्या मुलानं मला बारा कामांची छापील यादी दिली. खाली आकडा होता अडतीस हजार. तो माझ्या जवळजवळ दोन महिन्यांच्या पगाराएवढा होता.

ती यादी घेऊन मी चाचांकडे गेले. आमच्या ऑफिसच्या ड्रायव्हरनं पत्ता दिला होता. चाचांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि मला परत दिला. त्यांना उर्दू वाचता यायचं, मराठी आणि इंग्रजी नाही. "वाचा," म्हणाले. मी बारा कामं वाचली. ते ऐकत होते, पण पाहत गाडीकडे होते. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला कुठल्याही मेकॅनिकनं त्याआधी किंवा त्यानंतर विचारलेला नाही.

"गाडीत कोण कोण बसतं?"

मी आणि वडील, मी सांगितलं. वडिलांचे गुडघे दुखतात.

"ते कुठं बसतात?"

"पुढं. डावीकडं."

"मग डाव्या चाकाचं आज करू. खड्ड्यातला दणका सरळ त्यांच्या गुडघ्यात जात आसंल."

गाडीचं काम कोणतं आधी, हे ते असं ठरवायचे. मागच्या सीटवर म्हातारी बसत असेल तर मागचे शॉकॲब्सॉर्बर आधी. रोज लहान मुलं शाळेत जात असतील तर ब्रेक आधी, बाकी सगळं गेलं खड्ड्यात. एकटा तरुण चालवणार असेल तर त्याला सांगायचे, "तू काय, तू ढकलशील बी." गाडीच्या आजारापेक्षा तिच्यात बसणारी माणसं त्यांना आधी दिसायची.

त्या दिवशी बारांतली पाचच कामं उरली. डाव्या चाकामागच्या दांडीचं रबर झिजलं होतं, त्याला वर्कशॉपनं दोन्ही बाजूंचं सगळं बदलायला सांगितलं होतं. चाचांनी एका बाजूचं बदललं, आठशेत. क्लचला मात्र हात जोडले. प्लेट संपली आहे, तिथं काटकसर करू नका, म्हणाले. पाच हजार. काटा वर जातो म्हणून वर्कशॉपनं इंजिन उघडायचं लिहिलं होतं. चाचांनी गाडी वीस मिनिटं चालू ठेवून तिच्याजवळ उकिडवे बसून राहणं पसंत केलं. एका नळीच्या तोंडाशी हिरवट थेंब जमत होता. कडी सैल झाली होती. कडी चाळीस रुपयांची. मी पाकीट काढून उभी होते आणि मला उगाच रडू येत होतं.

बाकीच्या सात कामांना रैने दो. इंजिनच्या बाजूला तेलाचा ओलसर डाग होता. "घाम आहे. अकरा वर्षांच्या इंजिनला येणार. टपकायला लागलं तर या." मागची काच वर जायची नाही. "हातानं ढकला. चार हजाराची मोटार कशाला?" स्टार्ट करताना गाडी थरथरायची. "उठताना तुमचे वडील न्हाई करत?" मी बाबांना हे सांगितलं तेव्हा ते मोठ्यांदा हसले आणि पुढच्या खेपेला हट्टानं माझ्याबरोबर गॅरेजमध्ये आले. मे महिना होता. एसीचं काय, बाबांनी विचारलं, की त्यालाही रैने दो? चाचांनी कानाला हात लावला. या गावात मे महिन्यात एसीला रैने दो म्हणणारा मेकॅनिक खुदाला काय तोंड दाखवील, असं त्यांचं म्हणणं पडलं.

बाबांची आणि त्यांची लगेच गट्टी जमली. दोघांनी आयुष्यभर लोखंडाशी झटापट केलेली. चाचांचे वडील निजामाच्या वेळच्या बसगाड्यांवर मेकॅनिक होते. पोलीस ॲक्शननंतर त्यांच्या घरातले निम्मे लोक निघून गेले, वडील राहिले. का राहिले, असं बाबांनी विचारलं. चाचा म्हणाले, "साहेब लोग चले गये, गाड्या हितंच राहिल्या. सकाळी स्टार्ट कोण करणार?" त्यांनी हे अगदी सहज सांगितलं, जणू एवढ्यानं सगळा प्रश्न मिटत होता.  घरी येताना बाबा म्हणाले, हा माणूस युनियनमध्ये पाहिजे होता.

चाचांची आणखी एक रीत होती. ते एकच आकडा सांगायचे. सामान किती, मजुरी किती, असं तोडून सांगायचे नाहीत. सामान तेच आणायचे, काम तेच करायचे, आणि सुरुवातीला जो आकडा तोंडातून गेला तोच शेवटी घ्यायचे. मध्येच एखादा बोल्ट तुटला, नवा आणावा लागला, तरी आकडा हलायचा नाही. मध्ये वाढवून मागायचं म्हणजे दाढी अर्धी झाल्यावर न्हाव्यानं भाव करायचा, असं ते म्हणायचे. आणि काम झाल्यावर जुना पार्ट वर्तमानपत्रावर ठेवून गिऱ्हाइकाला दाखवायचे, कुठं झिजला, का झिजला. घरी न्या म्हणायचे. आमची जुनी क्लच प्लेट बाबांनी टीव्हीशेजारी ठेवली होती. पाहुण्यांना ते तिच्यावरचे चट्टे दाखवायचे.

असा माणूस सापडल्यावर मी गप्प बसणं शक्य नव्हतं. एका रविवारी जुन्या गाड्यांच्या बाजारात एक तरुण जोडपं माझ्यासारखंच फसताना पाहिलं. नुकतं लग्न झालेलं, बायको गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक कौतुकानं चाचपत होती, आणि विकणारा क्लचवर पाय ठेवूच देत नव्हता. मी घरी आले आणि एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा होता, "जुनी गाडी घेताय? लुटले जाऊ नका!" त्यात नेहमीचे सहा बिघाड लिहिले, ते घेण्याआधी कसे ओळखायचे ते लिहिलं, काचेच्या दारांवाले काय उकळतात ते लिहिलं, आणि शेजारी ठळक अक्षरांत प्रामाणिक माणूस काय घेतो ते. क्लच पाच हजार. पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर चार हजार आठशे. एसीचा गॅस बाराशे. खाली रैनेदो चाचांचं नाव आणि गॅरेजचा पत्ता.

छापण्याआधी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी आकडे लक्ष देऊन ऐकले. भाव बरोबर आहेत, म्हणाले. मग विचारलं, नाव कशाला? मी म्हटलं, लोकांना कळायला नको, खरा माणूस कुठं आहे ते? त्यावर ते परत गाडीखाली सरकले. गुलमंडीच्या छापखान्यातून पाचशे प्रती आल्या तेव्हा एक मागून घेतली आणि यात माझं नाव कुठलं ते दाखव म्हणाले. मी बोट ठेवलं. त्यांनी तेलकट बोटानं ती अक्षरं कितीतरी वेळ गिरवली. मराठीतले ते त्यांनी वाचलेले पहिले शब्द. पुढं चाची सांगायच्या, की त्यानंतर रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्यांवर ते आपलं 'र' आणि 'च' शोधत फिरायचे.

पत्रक जोरात चाललं. लोकांनी त्याच्या झेरॉक्स काढल्या, फोनवरून फोटो पाठवले. गॅरेजपुढं गाड्यांची रांग लागली. मला वाटलं, बाबांची सगळी पत्रकं मिळून जे झालं नाही ते माझ्या एका पानानं केलं. त्याच सुमारास कंपनीनं मला पुण्याच्या प्लँटवर पाठवलं. दीड वर्षासाठी. गाडीही माझ्याबरोबर गेली, बाबाही. चाचांना सणावाराला फोन करायचे. कसं चाललंय विचारलं की म्हणायचे, "तेरी मेहरबानी, फुरसत नाय." आणि मी खूश होऊन फोन ठेवायचे.

परत आले तेव्हा गाडी पुढून डुचमळत होती. सरळ गॅरेजवर गेले. चाचा बारीक झाले होते. शेडचा अर्धा भाग कुणाला तरी प्लॅस्टिकचे पाइप ठेवायला दिला होता. हवा भरायचं मशीन जागेवर नव्हतं. मोठा जॅकही दिसेना, गाडी उचलायला त्यांनी शेजारच्या गॅरेजमधून मागून आणला, आणि शेजाऱ्यानं तो देताना काहीतरी टोमणा मारला तो मला नीट ऐकू आला नाही. दुपारपर्यंत दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलून झाले. मी विचारलं किती. चार हजार आठशे. मी दिले, चहा प्याले, निघाले.

वाटेत वायपरचं रबर घ्यायला स्पेअर पार्टच्या दुकानात थांबले. दुकानदारानं माझ्याकडे, मग गाडीकडे पाहिलं. सकाळी चाचा इथूनच सामान घेऊन गेले होते, कुणाच्या गाडीचं तेही सांगून.

"तुम्हीच का त्या पत्रकवाल्या ताई? भेटायचंच होतं तुम्हाला. म्हणलं बघावं तरी, चाचाला बुडवणारी बाई दिसती कशी."

मला वाटलं मस्करी आहे. त्यानं काउंटरवरचं बिलबुक माझ्याकडे वळवलं. शॉकॲब्सॉर्बरचा जोड, पाच हजार दोनशे. तुमच्याकडून किती घेतले, त्यानं विचारलं. चार हजार आठशे, मी सांगितलं. तो म्हणाला, वर्षभरात दोनदा कंपन्यांनी भाव वाढवले. सगळ्या गॅरेजवाल्यांनी वाढवले. चाचांनी नाही वाढवले. "कसे वाढवतील? छापलेत ना तुम्ही. लोक कागद घेऊन येतात, कागद दाखवतात, हे काम करून देतात. वरून बोळातले बाकीचे शिव्या घालतात, की ह्याच्यामुळं आमच्याशी लोक भांडतात. लई पुण्याचं काम केलंत, ताई."

मी तिथूनच परत फिरले. चाचा नमाजाला निघायच्या घाईत हात धूत होते. मी ओरडलेच त्यांच्यावर. सांगायचं नाही का लोकांना, की भाव वाढले? मला एक फोन करायचा नाही? त्यांनी हात पुसले. मग शेडच्या कोपऱ्यातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आणून त्यांनी माझ्यापुढं ठेवला. त्यात पत्रकं होती. माझी. काही छापील, बरीच झेरॉक्स, काही घडी पडून फाटलेली, प्रत्येकावर कुणाच्या तरी अंगठ्याचा काळा ठसा. काम झाल्यावर ते गिऱ्हाइकाकडून कागद मागून घ्यायचे, म्हणजे तो आणखी कुणाच्या हाती जाऊ नये. पण झेरॉक्सवाल्यांपुढं त्यांचं काय चालणार?

"पहिल्या दोघांना सांगितलो मी," ते म्हणाले. "एक म्हणला, मग छापलं कशाला? लिहिणारा खोटं लिहितो का? आता मी काय बोलू? व्हय म्हणलो तर तू झूटी. नाय म्हणलो तर भाव तोच."

"मग म्हणायचं होतं ना, खोटी आहे म्हणून."

"तेरेकू आसं वाटतं म्हणू शकतो मी?" ते म्हणाले, आणि नमाजाला गेले.

घरी येऊन मी बाबांपुढं पत्रक टाकलं आणि झालेलं सांगितलं. त्यांनी ते हातात घेतलं, पुढून पाहिलं, उलटून मागून पाहिलं, परत पुढून पाहिलं. "तारीख कुठाय?" म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी एकही पत्रक तारखेशिवाय काढलं नव्हतं. मजुरीचे दर बदलतात, करार संपतात, कालचं खरं आज खोटं होतं. मला हे माहीत होतं. पण लिहिताना मला वाटलं होतं, सत्याला कसली तारीख? बाबा मला रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, त्या माणसानं तुझ्या कागदाची मुदत स्वतःच्या खिशातून वाढवली.

त्या आठवड्यात मी दुसरं पत्रक लिहिलं. चार पानी. त्यात स्पेअर पार्टांच्या कंपन्या होत्या, काचेची दारं होती, गरिबाच्या प्रामाणिकपणाची या व्यवस्थेत काय किंमत होते ते होतं, आणि चाचांवर झालेल्या अन्यायाचं वर्णन तर असं होतं की मी ते स्वतःलाच तीनदा मोठ्यानं वाचून दाखवलं. शेडमध्ये बसून त्यांना सगळं वाचून दाखवलं. ते गुडघ्यावर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"मेरा रोना मत छाप," म्हणाले. "भाव लिही. आजची तारीख लिही. आन् लिही की पुढच्या महिन्यात बदलंल, इचारून या."

"एवढंच?"

"गाडी घेणाऱ्याला अजून काय पाहिजे?"

चार पानांचं अर्धं पान झालं. मी पेन बंद करत होते तेव्हा त्यांनी विचारलं, खाली कुणाचं नाव आहे? पहिल्या पत्रकाखाली मी 'एक जागरूक नागरिक' असं छापलं होतं. आमच्यात ती पद्धतच होती. नाव छापलं तर नोकरी जाते, हे मी घरात पाहिलं होतं. पण माझी नोकरी वाचावी म्हणून लपवलेल्या नावाच्या जागी मी त्यांचं नाव ठेवलं होतं, हे मला त्या क्षणापर्यंत दिसलंच नव्हतं. चाचांनी ते बोलून दाखवलं नाही. "या टायमाला तुझं नाव टाक," एवढंच म्हणाले. "फोन नंबर बी टाक. लोकांना काय इचारायचं आसंल तर तुला इचारतील."

रविवारी बाजारात मी एकटी उभी राहिले. पहिलं वाक्य होतं, "याआधीच्या पत्रकातले भाव जुने आहेत, चूक माझी आहे." पत्रकं वाटायला मी लहानपणापासून सरावलेली, पण ते सगळं दुसऱ्यांच्या चुकांबद्दल असायचं. एक जाडजूड गृहस्थ कागद वाचून हसले आणि आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भाव वाढवून छापायचे चाचानं किती दिले, ताई?" माझ्या जिभेवर दहा उत्तरं आली. सगळी चांगली होती. मी म्हटलं, काही नाही दिले, चूक माझी होती. ते कागदाची घडी घालून खिशात ठेवून निघून गेले. भांडण झालं असतं तर मला सोपं गेलं असतं.

पण व्हायचं ते थांबलं नाही. स्वस्ताईसाठी येणारी रांग एका महिन्यात संपली, आणि आधीची नेहमीची गिऱ्हाइकं त्या रांगेला कंटाळून दुसरीकडे गेली होती ती परतली नाहीत. ईदनंतर चाचांनी शेड सोडलं. पाइपवाल्यानं उरलेला अर्धा भागही घेतला. ते आणि चाची लेकीकडे जालन्याला राहायला गेले. हत्यारं विकून उरलेलं सामान मी माझ्या गाडीतून पोचवलं. लेकीच्या घरी ओट्यावर बसल्यावर मी बोलून टाकलं, की शेड माझ्यामुळं गेलं.

ते विचार करायला लागले. खोटं समाधान त्यांना कधी जमलं नाही, गाडीच्या बाबतीत नाही आणि माणसाच्याही नाही.

"आधं तुझ्यामुळं," म्हणाले. "आधं माझ्या अकडीमुळं. मला बी आवडत व्हतं ना, छापलेलं नाव. आता चहा पी, गार होतोय."

त्या अर्ध्या वाट्यावर मी पुढं जगले. सगळा दोष त्यांनी माझ्यावर ठेवला असता तर मी तो मिरवला असता, आणि सगळा माफ केला असता तर तो मला कायम टोचत राहिला असता.

त्यानंतरची दोन वर्षं मला फोन येत राहिले. पत्रकावर माझा नंबर होता. सुरुवातीला शिव्या आल्या, मग प्रश्न यायला लागले. गियर टाकताना कट आवाज येतो. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. सकाळी सेल्फ नुसता टिकटिक करतो. मी प्रश्न लिहून घ्यायचे, जालन्याला फोन लावायचे. चाचा आधी विचारायचे, गाडीत कोण बसतं? ते मी त्या माणसाला परत फोन करून विचारायचे. हळूहळू मी पहिल्या फोनमध्येच विचारून ठेवायला लागले. कधी चाचा फोनवरच चिडायचे, आवाज कसा येतो ते नीट सांग, नुसतं कट काय सांगतेस, थंड गाडीत येतो का गरम? शेंद्र्याच्या कँटीनमध्ये फोन कानाला लावून मी तोंडानं गियरबॉक्सचे आवाज काढायचे आणि शेजारच्या टेबलावरचे लोक माझ्याकडे बघायचे.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या लेकीचा फोन आला. अब्बा गेले, म्हणाली. सकाळी चहा घेतला आणि आडवे झाले. मी आणि बाबा गाडीनं जालन्याला गेलो. बाबा पुढं डावीकडं बसले होते. चाचींनी मला जवळ बसवून घेतलं. माझा फोन वाजला तर तिथंही त्या म्हणाल्या, उचल, कुणाची तरी गाडी बंद पडली असेल.

फोन अजून येतात. परवा दुपारी एक आला. कुणीतरी घाबरलेला मुलगा, गाडी जुनी घेतलेली, बीड बायपासला उभा, बॉनेटमधून वाफ येतेय. त्याला मी आधी सांगितलं, झाकण उघडू नकोस, हात भाजेल, अर्धा तास थांब. गाडीत कोण आहे विचारलं. आई आहे म्हणाला. तिला आधी सावलीत बसव, पाणी दे. मग कुठली नळी बघायची, कडी कुठं असते, ते सांगितलं. तो थोडा शांत झाल्यावर त्यानं विचारलं, "ताई, खर्च किती येईल?"

आकडा माझ्या तोंडाशी आला होता.

"विचारून सांगते," मी म्हटलं, आणि स्पेअर पार्टच्या दुकानाला फोन लावला.